नुसतं ‘इन्स्टॉल करून या’ म्हणू नका!
नागपुरात नवशिक्यांसाठी पायथन या कोडिंगच्या भाषेची कार्यशाळा कुठेही असो, आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तोच निरोप: ‘पायथन इन्स्टॉल करून या.’ खाली एक लिंक. बस्स! अरे बाप्पा, कोणतं व्हर्जन, कुठे क्लिक करायचं, नीट झालं की नाही हे कसं कळणार, काहीतरी सांगा नं!

उमरेड-काटोलहून सकाळची एसटी धरून पोरं येतात. कोणाच्या जुन्या लॅपटॉपवर अजून विंडोज ७ असतं. पायथन ३.९ आलं २०२० मध्ये, तेव्हापासूनची व्हर्जन्स त्यावर चालतच नाहीत. हे आधी कोणी सांगतच नाही.

ज्यांचं इन्स्टॉल होतं तेही अडकतात. विंडोजच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच स्क्रीनवर, अगदी तळाशी, पायथन ‘पाथ’मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या यादीत, टाकायची छोटी चौकट असते. ती आपोआप टिक झालेली नसते. पोरगी ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबून मोकळी होते. इथे येऊन कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, python टाइप करते, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं! आपल्यालाच जमत नाही असं समजून बिचारी गप्प बसते. डोकं फिरतं माझं ते पाहून. चूक सूचना देणाऱ्याची, अन् मान खाली घालते ती.

दोन-तीन स्क्रीनशॉट, साध्या मराठीत चार ओळी, अन् शेवटी व्हर्जन तपासायची एक कमांड. एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? अन् ते आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे अडलेल्याला विचारायला तरी सवड मिळेल.