बावीस टक्क्यांचं पॅनेल आणि टाकीची सावली

अकोल्याच्या मावशीनं मागच्या आठवड्यात मला एक निरोप पुढे पाठवला. खाली तिचा प्रश्न होता, "हे खरं आहे का रे? या पॅनेलचे व्हेंडर 18 हजार जास्त मागतोय." तोच निरोप नंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या मित्रांच्या. त्यातला दावा थोडक्यात असा: घरावर 22 टक्के एफिशियन्सीचं मोनोक्रिस्टलाइन (एकसंध स्फटिकाच्या सिलिकॉनचं, थोडक्यात मोनो) सौर पॅनेलच लावा, तेवढ्याच किलोवॉटला दीडपट वीज मिळते, ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, आणि ढगाळ हवेतही पूर्ण मिळते, लाइट गेली तरी घर चालू राहतं, 25 वर्षं वर बघायलाही नको.

माझ्या घरावर 3 किलोवॉटचा संच आहे. मोनो पॅनेल चांगलंच असतं, माझंही तेच आहे. पण या निरोपावर विसंबून लोक चुकीच्या जागी पैसे घालताहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ते "दीडपट". 22 टक्के म्हणजे पॅनेलवर पडलेल्या उन्हापैकी 22 टक्के ऊर्जेची वीज होते. ही मोजणी जागेची आहे: एका चौरस मीटरमधून किती वॉट निघतात. 540 वॉटचं नेहमीचं मोनो पॅनेल साधारण 2.58 चौरस मीटरचं असतं, म्हणजे 20.9 टक्के. त्याच मापात 575 वॉटचं मिळतं, ते 22.3 टक्के. पण आपण पॅनेल विकत घेतो ते वॉटवर, आणि तो टक्का वॉटमध्ये आधीच धरलेला असतो. 3 किलोवॉट म्हणजे 3 किलोवॉट. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर किलोवॉटमागे दिवसाला साधारण 4 युनिट पडतात. 3 किलोवॉटचे 12 युनिट. पॅनेल कोणतंही असो, या आकड्याचे 18 होत नाहीत.

फरक पडतो तो जागेत. 3 किलोवॉटसाठी 20.9 टक्क्यांची पॅनेल सुमारे 155 चौरस फूट व्यापतात, 22.3 टक्क्यांची सुमारे 145. दहा चौरस फूट वाचले, म्हणजे जेमतेम अर्धी खाट. मावशीची गच्ची 900 चौरस फुटांची आहे, तिथे ती अर्धी खाट वाचवून काय करायचं? पुण्या-ठाण्यात इमारतीची गच्ची दहा बिऱ्हाडांत वाटून घ्यायची असेल, किंवा रो-हाउसवर जिना आणि टाकी सोडून हातभरच जागा उरत असेल, तर मात्र हा टक्का खरंच कामाचा आहे. तिथे जास्तीचे पैसे द्यावेत, असं मीही सांगेन.

आणखी एक. "मोनोच घ्या" हा सल्लाच आता शिळा झाला आहे. निळसर पॉली (अनेक स्फटिकांच्या सिलिकॉनचं) पॅनेल बाजारातून जवळजवळ गेलंच. आज घरासाठी जे काळं पॅनेल दाखवतात ते मोनोच असतं. विचारायचंच असेल तर त्यातला प्रकार विचारा, पर्क की टॉपकॉन, म्हणजे मोनो पॅनेल बनवण्याच्या दोन पद्धती, टॉपकॉन त्यातली नवी. कारण खरा फरक उष्णतेत दिसतो.

निरोपातलं "ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त" हे वाक्य इथेच उलटं पडतं. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्यावर छापलेले वॉट सेलचं (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकतीचं) तापमान 25 अंश असताना मोजलेले असतात. मे महिन्यात आमच्या विदर्भात स्लॅबवरच्या पॅनेलमधला सेल 65 अंशांपर्यंत सहज तापतो. 25 च्या वर दर अंशाला पर्क साधारण 0.35 टक्के गमावतं, टॉपकॉन 0.30, जुनं पॉली 0.40. चाळीस अंशांचा हिशेब केला तर 3000 वॉटमधून पर्कचे 2580 उरतात, टॉपकॉनचे 2640, पॉलीचे 2520. तितक्याच लख्ख उन्हात फेब्रुवारीतली गार दुपार मेपेक्षा जास्त देते, ती यामुळे. माहितीपत्रकात तापमान गुणांकाची (दर अंशाला किती टक्के वीज घटते त्याची) एक ओळ असते, अकोला-चंद्रपूरकडच्या माणसानं 22 टक्क्यांच्या आधी ती वाचावी. पॅनेलखाली वारा खेळायला जागाही सोडावी. टिनाच्या पत्र्याला चिकटवून बसवलेलं पॅनेल आणखी तापतं.

ढगाळ हवेत वीज मिळते, पण पूर्ण नव्हे. गच्च आभाळ असेल तर क्षमतेच्या दहा ते पंचवीस टक्क्यांवर समाधान मानावं लागतं. कोकणातल्या घरानं जुलैचा हिशेब एप्रिलवरून बांधू नये.

लाइट गेल्यावर घर चालू राहतं, हे तर साफ चुकीचं आहे, आणि ते पसरवणं मला धोक्याचं वाटतं. नेट मीटरवर (घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर) चालणारा साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं आणि वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं यंत्र, लाइन बंद झाली की स्वतः बंद होतो. तो तसा व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात आपल्या गच्चीवरची वीज जाईल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. तो खर्च वेगळा, आणि त्याचा पॅनेलच्या टक्क्यांशी संबंध नाही.

पंचवीस वर्षांची हमी असते ती निर्मितीची: तेवढ्या काळानंतरही पॅनेल मूळ क्षमतेच्या 80 ते 87 टक्के वीज देईल, एवढीच. काच तडकली, जोड उघडला, तर त्याची हमी वेगळी आणि बहुधा 10-12 वर्षांची असते. इन्व्हर्टरची त्याहून कमी. आणि वर बघावं लागतंच. धूळ, कबुतरं, समोरच्या रस्त्याचं काम. धुवायचं तर सकाळी लवकर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

अनुदानाचा निरोपात उल्लेखच नाही. घराच्या छतावरच्या सौर संचासाठी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे, तीत 3 किलोवॉट आणि त्यापुढे कमाल 78 हजार रुपये मिळतात, पण पॅनेल आणि त्यातला सेल दोन्ही भारतात बनलेले असले तरच. परदेशी सेलचं 22 टक्केवालं पॅनेल घेतलं तर ते अनुदान गेलं. कोटेशनवर "डीसीआर" (म्हणजे देशी सेल-पॅनेलची ही अट पाळणारं) असं लिहून घ्या.

आता निरोपात नसलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: सावली. घरगुती संचातली पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली की त्याचा प्रवाह अडतो. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीतला भाग वगळून बाकीच्याला वाट देतात खरे, पण वगळलेल्या भागाची वीज जाते ती जातेच. 20.9 आणि 22.3 मधल्या फरकापेक्षा एका टाकीची सावली जास्त नुकसान करते.

मावशीकडचा व्हेंडर मे महिन्यात गच्ची बघून गेला. मेच्या अखेरीस अकोल्यात शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सावली पायाखालीच राहते. त्याला गच्ची मोकळी दिसणारच. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम 46 अंशांवर असतो आणि जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकीच सावली उत्तरेला पडते. मावशीची टाकी स्टँडसकट 9 फूट उंच, दक्षिणेच्या कोपऱ्यात. म्हणजे दुपारी 9 फूट सावली, आणि सकाळी साडेनऊला वायव्येकडे 16 फुटांपर्यंत. पॅनेल त्याच पट्ट्यात बसवायची ठरली होती.

फोनवर तिला टाकीच्या पायापासून खडूनं तेवढ्या दोन रेघा मारायला लावल्या. पहिली दोन पॅनेल पूर्ण आत आली. 18 हजार तिनं द्यायचे नाहीत असं ठरवलंय. प्लंबरला बोलावून टाकी उत्तरेच्या भिंतीकडे हलवायला किती लागतील, ते आता ती विचारतेय.