‘कंपनीच्या वेबसाइटवर आहे म्हणजे खरंच’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

सबमिशनचे दिवस जवळ आले की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शीर्षक ‘कंपनी स्ट्रक्चरची असाइनमेंट एका तासात’. मजकूर थोडक्यात असा: माहिती फक्त कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, तीच अधिकृत. वार्षिक अहवालाच्या वाटेला जाऊ नका, त्यात नुसते आकडे असतात. पाच साइट्सवर एकच गोष्ट दिसली की ती पक्की समजा. विकिपीडिया उघडूही नका. संदर्भयादी चॅटबॉटकडून करून घ्या. आणि पाच वर्षांपेक्षा जुना संदर्भ चुकूनही देऊ नका. खाली हात जोडलेले आणि ‘ज्युनिअर्सना पाठवा’.

मी या असाइनमेंट तपासते. मेसेज कुणी वाचलाय ते मला पहिल्या पानावरच कळतं. वर सीईओचा चौकोन, खाली सहा चौकोन, आणि त्याखाली ‘स्रोत: इंटरनेट’. एकेक मुद्दा घेते. सगळे सारखेच चुकीचे नाहीत, शेवटचा तर निम्मा बरोबर आहे.

‘कंपनीची वेबसाइट हाच विश्वासार्ह स्रोत.’

कशासाठी विश्वासार्ह, हा प्रश्न मेसेजमध्ये नाहीच. संचालक मंडळावर आज कोण आहे, कुणाचं पद काय, मुख्यालय कुठे, एवढ्यासाठी वेबसाइट उत्तम. पण ती ग्राहकांसाठी, गुंतवणूकदारांसाठी आणि नोकरीच्या उमेदवारांसाठी लिहिलेली असते. ‘आमच्याकडे श्रेणी नाहीत, सगळे समान’ हे वाक्य तिथे दिसलं तर ती कंपनीने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट झाली. ‘कंपनी असं म्हणते’ या शब्दांत ती जरूर लिहा. ‘कंपनी अशी आहे’ असं लिहायला आणखी काहीतरी हातात लागतं.

व्हॉल्व्ह ही गेम बनवणारी कंपनी घ्या. तिची कर्मचाऱ्यांसाठीची पुस्तिका २०१२ मध्ये बाहेर आली. इथे कुणी साहेब नाही, कुठल्या प्रोजेक्टवर काम करायचं ते तुम्हीच ठरवा, असा तिचा सूर. तेव्हापासून ‘फ्लॅट स्ट्रक्चर’ म्हटलं की असाइनमेंटमध्ये व्हॉल्व्ह येतेच. पण तिथून काढून टाकलेल्या जेरी एल्सवर्थ यांनी २०१३ मध्ये एका मुलाखतीत वेगळंच चित्र मांडलं: वरून सपाट दिसतं, आत मात्र सत्तेचा एक न दिसणारा थर आहे. आता नोकरी गेलेल्या माणसाचं म्हणणं तरी जसंच्या तसं का मानायचं? मानू नकाच. पण पुस्तिका आणि ही मुलाखत शेजारी ठेवली की निदान लिहिण्यासारखं काही तयार होतं.

‘अधिकृत’ या शब्दाचाही एक घोळ आहे. सरकारी नोंदणीत सापडलं म्हणजे कुणीतरी तपासलेलं असणार, असं आपण धरून चालतो. कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाची नोंदवही कुणालाही फुकट बघता येते. पण तिथे दाखल झालेली माहिती खरी आहे का, हे ते कार्यालय वर्षानुवर्षं तपासत नव्हतं आणि तसं सांगतही होतं. २०२३ च्या कायद्यानंतर, ४ मार्च २०२४ पासून, त्याला माहितीबद्दल विचारणा करण्याचे आणि ती नाकारण्याचे अधिकार मिळाले. त्याआधीच्या नोंदी खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. ‘नोंदवलेलं’ आणि ‘पडताळलेलं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, इतकंच.

‘वार्षिक अहवालाच्या वाटेला जाऊ नका.’

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त गुण इथेच सांडतात.

मुळात ‘कंपनीची रचना’ या दोन शब्दांत किमान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. मालकी कुणाची आणि कुठली उपकंपनी कुणाखाली, हा कायदेशीर प्रश्न. आत कोण कुणाला रिपोर्ट करतं, हा व्यवस्थापनाचा. आणि धंद्याचे हिशेब कुठल्या गटांत मांडले जातात, हा तिसरा. असाइनमेंटमध्ये यांची हमखास खिचडी होते.

एकदा एक विद्यार्थिनी ॲपलचे दोन कागद घेऊन आली. एक २०२० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आलेला जोएल पोडोल्नी आणि मॉर्टन हॅन्सन यांचा लेख. त्यात म्हटलंय की १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परतले, त्यांनी वेगवेगळ्या व्यवसाय विभागांच्या जनरल मॅनेजरना काढलं, सगळ्या कंपनीचा नफा-तोटा एकत्र केला आणि कामाच्या स्वरूपानुसार, म्हणजे डिझाइन, हार्डवेअर, सॉफ्टवेअर अशी रचना आणली. पुस्तकी भाषेत फंक्शनल. दुसरा कागद म्हणजे ॲपलने एसईसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे, भरलेला वार्षिक अहवाल, ज्याला ‘टेन-के’ म्हणतात. त्यात सरळ लिहिलंय की कंपनी आपला कारभार मुख्यतः भौगोलिक पायावर चालवते. विभाग पाच: अमेरिका खंड, युरोप, ग्रेटर चायना, जपान आणि उरलेला आशिया-पॅसिफिक. ‘मॅम, यातलं खरं कुठलं?’

तिला म्हटलं, दोन पानं पुढे वाच. विभागांचा नफा कसा मोजला ते तिथे आहे. संशोधन आणि विकासाचा खर्च या पाच विभागांपैकी कुणाच्याच खात्यावर टाकलेला नाही, तो वर, कंपनीच्या पातळीवर धरलाय. म्हणजे भूगोल विक्रीपुरता. वस्तू घडवणारी माणसं त्या पाच खणांत नाहीतच. दोन्ही कागद खरे आहेत, फक्त दोघांना वेगवेगळा प्रश्न विचारायला हवा होता. आणि पहिला कागदही बाहेरच्या तटस्थ माणसांनीच लिहिलाय असं नाही. लेख आला तेव्हा पोडोल्नी ॲपलच्या अंतर्गत विद्यापीठाचे डीन होते. त्यामुळे आतली माहिती खात्रीची, कौतुक मात्र थोडं हात राखून घ्यायचं.

याच अहवालात एक गंमत आहे. ॲपलच्या ‘युरोप’मध्ये भारत, मध्यपूर्व आणि आफ्रिका येतात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्त्यांत भारत आशियाच्या चौकोनात बसलेला असतो. कुणी मुद्दाम चूक करत नाही, नकाशा डोक्यात असतो आणि अहवाल उघडलेला नसतो. तपासणाऱ्याला मात्र कॉपी ओळखायला यापेक्षा सोपी खूण नाही.

हे विभाग कंपनी मनाला येईल तसे पाडत नाही. बऱ्याच देशांत २००९ पासून लागू असलेलं आयएफआरएस ८ हे आंतरराष्ट्रीय हिशेब मानक सांगतं की धंद्याचे मोठे निर्णय घेणारा माणूस किंवा गट ज्या गटवारीने आकडे बघतो, तीच गटवारी अहवालात दाखवा. अमेरिकेत याच धर्तीचा नियम १९९७ मध्येच आला होता. म्हणजे ‘नुसते आकडे’ असलेल्या टिपेतून वरची मंडळी धंद्याकडे कसं बघतात ते दिसतं, तेही कुणी जाहिरात न करता.

तीनशे पानं वाचायची नसतातच. पीडीएफमध्ये ‘सेगमेंट’ आणि ‘सब्सिडिअरी’ हे दोन शब्द शोधा. अमेरिकी कंपन्यांचे अहवाल एसईसीच्या ‘एडगर’ संग्रहात फुकट आहेत, आणि उपकंपन्यांची यादी टेन-केच्या एकविसाव्या परिशिष्टात असते. भारतीय कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ‘एओसी-१’ नमुन्यात उपकंपन्यांची ठळक आर्थिक माहिती द्यावी लागते.

एक सावधगिरी. एकविसाव्या परिशिष्टात लहानसहान उपकंपन्या गाळण्याची मुभा असते. गूगलची पालक कंपनी असलेल्या अल्फाबेटची यादी उघडलीत तर मोजकीच नावं दिसतील. ‘अल्फाबेटच्या इतक्याच उपकंपन्या आहेत’ असं लिहू नका, ‘अहवालात इतक्यांचीच नावं दिली आहेत’ असं लिहा.

‘पाच साइट्सवर तेच असेल तर पक्कं.’

अल्फाबेटचं नाव निघालंच आहे. वर अल्फाबेट, खाली एका ओळीत गूगल, यूट्यूब, अँड्रॉइड, वेमो असे चौकोन असलेलं चित्र तुम्ही पाहिलं असेल. ते पाचच काय, पन्नास साइट्सवर मिळेल. पण १० ऑगस्ट २०१५ ला नव्या रचनेची घोषणा झाली तेव्हापासूनच यूट्यूब आणि अँड्रॉइड गूगलच्या पोटात आहेत. चालकाविना चालणाऱ्या गाड्यांची कंपनी वेमो मात्र खरोखर गूगलच्या शेजारी बसते. चित्र बनवणाऱ्याने ओळखीचे लोगो एका रांगेत मांडले, बाकीच्यांनी ते उचललं. पाच साइट्स म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत. एकाचंच ऐकून बोलणारे पाच जण असतील तर साक्ष एकच धरायची. वाक्यरचना जुळवून पाहा, चित्रातले रंग पाहा, शक्य असेल तर सगळ्यात जुनी तारीख शोधा. दोन स्रोतांनी माहिती वेगवेगळ्या वाटांनी मिळवलेली असेल, समजा एकाने अहवालातून आणि दुसऱ्याने माणसांशी बोलून, तर ते दोनही पाचांना भारी पडतात.

‘विकिपीडिया उघडूही नका.’

उघडा. तळाशी जा, तळटिपांमधले मूळ दुवे घ्या आणि टॅब बंद करा. संदर्भ म्हणून विकिपीडियाचं नाव देऊ नका, कारण आपण स्वतः विश्वासार्ह स्रोत नाही असं सांगणारं पान खुद्द विकिपीडियावरच आहे. यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

‘संदर्भ चॅटबॉटकडून मागा.’

गेल्या काही काळात माझी झोप उडवणारा मुद्दा हाच. एका असाइनमेंटमध्ये मॅट्रिक्स रचनेवरचा, म्हणजे एका माणसाला दोन वरिष्ठ असणाऱ्या रचनेवरचा, एक संदर्भ होता: खरं नियतकालिक, खऱ्या प्राध्यापकांचं नाव, वर्ष, खंड, पृष्ठक्रमांक, सगळं जागच्या जागी. ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये तो खंड काढला. त्या पृष्ठांवर भलत्याच विषयावरचा भलत्याच माणसाचा लेख. ज्याच्या नावावर संदर्भ होता त्यांनी त्या मथळ्याचं काही लिहिलेलंच नव्हतं. विद्यार्थ्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘मॅम, मी त्याला विचारलं होतं की हा संदर्भ खरा आहे का. तो हो म्हणाला.’

हसू नका. हेच न्यूयॉर्कमधल्या वकिलांचं झालं. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात सादर केले. ते अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. त्या वकिलांनीही त्या यंत्रालाच विचारून खात्री करून घेतली होती.

यंत्राचा उपयोग आहे. ‘होल्डिंग कंपनी आणि डिव्हिजनल रचना यांत फरक काय’ हे समजून घ्यायला विचारा, शोधायला कुठले शब्द वापरू ते विचारा. पण यादीत जाणारा प्रत्येक संदर्भ आधी तुमच्या स्क्रीनवर उघडलेला हवा. उघडला नाही तर तो यादीत नाही.

‘पाच वर्षांपेक्षा जुनं नको.’

हा तो निम्मा बरोबर मुद्दा. कंपनीची सद्यस्थिती सांगायला जुना स्रोत खरंच चालत नाही, उलट पाच वर्षंही जास्त होतात. डीपमाइंड ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी गूगलने २०१४ मध्ये घेतली. पुढे अल्फाबेटच्या रचनेत ती गूगलहून वेगळी दाखवली जायची. एप्रिल २०२३ मध्ये गूगल ब्रेन या गूगलच्याच संशोधन गटाशी एकत्र करून ‘गूगल डीपमाइंड’ झाली. २०२२ चा तक्ता पाच वर्षांच्या अटीत आरामात बसतो, आणि चुकीचा ठरतो. ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसचंही तसंच. व्यवस्थापकांशिवाय चालणारी ‘होलॅक्रसी’ तिथे आणणार असल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं, त्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. कंपनी त्यातून हळूहळू मागे सरकली तेव्हा तेवढा गाजावाजा झाला नाही. त्यामुळे शोध घेतला की अजूनही सुरुवातीच्या उत्साहाचेच लेख आधी वर येतात.

सिद्धांताला मात्र हा नियम लावलात तर हसं होतं. ‘आधी व्यूहरचना, मग संघटनेची रचना’ हा विचार आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ च्या पुस्तकात ड्यू पाँट, जनरल मोटर्स, न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल आणि सीअर्स या चार कंपन्यांच्या इतिहासातून मांडला. असाइनमेंटमध्ये त्याच वाक्याखाली कुठल्यातरी सल्लागार संस्थेचा २०२१ चा लेख येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही कल्पना परवाच कुणाला तरी सुचली. त्याहून मागे जायची हौस असेल तर डॅनियल मॅक्कॅलम यांनी एरी रेल्वेसाठी १८५५ मध्ये करवून घेतलेला तक्ता शोधा. ऑर्ग चार्टच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत तो गणला जातो. त्यात अध्यक्ष आणि संचालक मंडळ तळाशी आहेत, मुळासारखे, आणि त्यातून फांद्या वर फुटल्यात. सीईओ वर आणि बाकीचे खाली, हा चौकोनांचा साचा काही आकाशातून पडलेला नाही.

तेव्हा जुना स्रोत द्या, नवा द्या, पण तक्ता कुठल्या दिवसाचा ते त्याखाली लिहा. अहवाल कुठल्या वर्षअखेरचा आणि वेबसाइट कुठल्या तारखेला पाहिली, दोन्ही. ते नसेल तर मी पेन्सिलीने ‘केव्हाचं?’ एवढंच लिहून फाइल परत देते.