भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावातून

‘विवेकी वाचक’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा चहा पिताना, एकदा राग आला म्हणून, आणि तिसऱ्यांदा बायको म्हणाली, ‘नीट वाचा, त्यात काही बरोबरही असेल,’ म्हणून. उत्तराला दोन दिवस लागले ते त्यामुळे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुराणांच्या हिशेबाने ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षं. शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय सांगतात सुमारे ४५४ कोटी वर्षं. हे दोन आकडे मी कोष्टकात शेजारी शेजारी मांडले आणि खाली लिहिलं, ‘पूर्वजांना अंदाज होता म्हणायचा.’ यावर विवेकी वाचक म्हणतात की कल्प म्हणजे पृथ्वीचं वय नव्हेच, आणि पूजेच्या संकल्पातल्या गणितानेच चालू कल्पाची जेमतेम १९७ कोटी वर्षं सरली आहेत, तेव्हा जुळवाजुळव फसली. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी ‘बिग बँग’ (महास्फोट) हे शब्द बीबीसी रेडिओवर १९४९ साली वापरले, मी १९५० लिहिलं. आणि शेवटी हे वाक्य: ‘गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावात बसून विश्वाचं वय काढू नये.’

१९४९ मान्य. चूक माझीच.

आता भोंग्याकडे येतो.

होय, आम्ही भोंग्यावर घड्याळ लावत होतो. माझे वडील सोलापुरात कापडाच्या गिरणीत सूतखात्यात होते. पहाटेचा भोंगा झाला की आई स्टोव्ह पेटवायची, समोरचे काका दाढीला बसायचे, आणि ज्यांचा गिरणीशी काडीचा संबंध नाही असे शाळामास्तरसुद्धा मनगटावरचा काटा पुढे-मागे करायचे. भोंगा कोण वाजवायचं? टाइमकीपर. तो घड्याळ कशावर लावायचा? रेडिओवर. आणि रेडिओची वेळ शेवटी कुणाकडून यायची? आकाशाकडे बघत बसणाऱ्यांकडूनच ना? मग आमचं घड्याळही ताऱ्यांवरच लागत होतं, फक्त मधे एक गिरणी होती. आता गिरणी नाही, भोंगा नाही, तुमचा टोमणा तेवढा शिल्लक आहे.

आपण कुठल्या गावात घड्याळ लावता ते प्रतिक्रियेत लिहिलेलं नाही. मी अंदाज करू शकतो, पण अंदाज केला की आपल्याला राग येतो.

विज्ञान आणि श्रद्धा यांतला फरक मला शिकवू नका. तो मी शहाबादी फरशीवर बसून पाहिलाय. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास ग्रहणाचा पट्टा आमच्या खालून, रायचूरकडून गेला, सोलापुरात खंडग्रास होतं. दुपारी रस्ते ओस पडलेले. आज्जीने पाण्यात तुळशीची पानं टाकली, आम्हाला घरात कोंडलं आणि राहू-केतूची गोष्ट सुरू केली. वडील रात्रपाळी करून झोपलेले, ते उठले आणि भिंतीवरची ज्वारीची चाळण काढून मला अंगणात घेऊन गेले. वर बघायचं नाही अशी ताकीद दिली आणि चाळण उन्हात आडवी धरली. फरशीवर एरवी गोल ठिपके पडतात. त्या दिवशी शेकडो चंद्रकोरी पडल्या. नखाएवढ्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. चाळण हलली की सगळ्या मिळून हलायच्या. प्रत्येक भोक म्हणजे एक कॅमेरा आणि प्रत्येक कोर म्हणजे अख्खा सूर्य, हे मला सातवी पास माणसाने सांगितलं. मोक्षानंतर आज्जीने ती चाळण तीनदा धुतली, वडिलांना अंघोळीला पाठवलं, आणि ते गेलेही. वाद नाही, टोमणा नाही. (संध्याकाळची भाकरी मात्र उशिरा मिळाली.)

तेव्हा ‘गावात बसून’ म्हणताना जरा जपून.

आणि आमच्या वाड्याचं म्हणाल तर जग कसं सुरू झालं याची निदान चार उत्तरं जिन्याच्या चार पायऱ्यांवर मिळायची. पद्मशाली शेजाऱ्यांच्या भिंतीवर प्रलयाच्या पाण्यात वडाच्या पानावर निजलेलं बाळ होतं, ते बघणारा मार्कंडेय त्यांचा मूळपुरुष. वरच्या मजल्यावरचे लिंगायत आजोबा कन्नडमध्ये ‘बयलु’ म्हणायचे, सगळं त्या पोकळीतून आलं आणि तिच्यातच जाणार. माझा मित्र सांगायचा, अल्लाने ‘कुन’ म्हटलं आणि झालं. चौथं उत्तर शाळेच्या पुस्तकात. भांडणं व्हायची ती नळाच्या पाण्यावरून.

आपले जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, हॉयल यांच्यासोबत काम केलेले. त्यांना महास्फोट शेवटपर्यंत पटला नाही. जगभरचे शास्त्रज्ञ एका बाजूला असताना ते दुसऱ्या बाजूला उभे राहिले, पण समोरच्याचं गाव काढल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही. उलट महास्फोटाची कल्पना मांडणाऱ्यांत अग्रभागी असलेले जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. कुणी कुठे बसून काय काढावं हे आपण त्यांनाही सांगितलं असतंत बहुधा.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त विश्व कुठून आलं हेच विचारतं, आणि शेवटी म्हणतं, वरून पाहणारा जो आहे तो जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. इतक्या जुन्या कवीला जी शंका ठेवता आली ती ‘विवेकी’ नाव घेतलेल्या माणसाला ठेवता येऊ नये? नाव आपणच निवडलंत ना?

बाकी १९७ कोटी वगैरे. मी ‘अंदाज’ लिहिलं होतं, ‘सिद्धांत’ नाही. संकल्प मलाही पाठ आहे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, सगळं. त्या गणितात आता शिरत नाही, उत्तर आधीच लांबलंय. सवडीने बघू.

मूळ लेखात १९५०चं १९४९ केलं आहे. कोष्टक आहे तसंच ठेवलंय.