छंद, व्यवसाय आणि थांबण्याची मुभा

आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, छंदात थांबण्याची मुभा असते आणि व्यवसायात ती नसते, हा मी केलेला भेद पोट भरलेल्यांनाच परवडणारा आहे, आणि ज्या कामातून मिळकत होत नाही ते माणूस कधीच गांभीर्याने करीत नाही. यातला दुसरा मुद्दा मला अजिबात मान्य नाही.

विल्यम हर्शेल यांनी १७८१ साली युरेनस शोधला, तेव्हा ते व्यवसायाने संगीतकार होते. वादन आणि शिकवण्या सांभाळून, स्वतः घासून तयार केलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून ते रात्र रात्र आकाश पाहत. यात गांभीर्य कुठे कमी होते? पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या राजाने त्यांना २०० पौंडांचे वार्षिक मानधन दिले आणि छंदाचा व्यवसाय झाला. त्याबरोबर राजघराण्यातील मंडळींना आकाश दाखवण्याची जबाबदारी आली, आणि हे मानधन संगीताच्या मिळकतीपेक्षा कमी असल्याने विक्रीसाठी दुर्बिणी बनवणेही आले. अर्थात पूर्ण वेळ हाती आल्यामुळेच त्यांना सुमारे २,५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छांची नोंद करता आली, त्यामुळे व्यवसाय झाला की काम खालावते, असे माझे म्हणणे नाही.

मला दिसणारा फरक पैशाचा किंवा कौशल्याचा नसून बांधिलकीचा आहे. व्यवसायात रुग्ण, अशील, विद्यार्थी असे कोणीतरी आपल्यावर अवलंबून असते, आणि आपले मन लागो वा न लागो, त्याचे काम त्याच्या गरजेप्रमाणे आणि ठरल्या वेळी व्हावेच लागते. छंदात मात्र काम अर्धवट सोडण्याची, चुकीच्या वाटेने वर्षभर जाऊन पाहण्याची, कोणालाही न रुचणारे करीत राहण्याची मुभा असते. या मुभेची किंमतही मोजावी लागते: व्यवसायाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले आणि छंद म्हणून संगीत रचणारे रशियन संगीतकार बोरोदिन यांनी १८६९ साली हाती घेतलेला ऑपेरा १८८७ साली त्यांचे निधन झाले तेव्हाही अपुराच होता.

पोट भरलेल्यांविषयीचा आपला आक्षेप मी गंभीरपणे घेतो. परंतु ज्याला उपजीविकेची निकड आहे, त्यानेच आवडीच्या कामावर सारा भार टाकला, तर पहिली तडजोड त्याला त्याच कामात करावी लागते. म्हणून चित्रकलेची आवड असलेल्या तरुणाला मी चित्रे सोडायला सांगणार नाही; दर ठरवणे, थकलेले पैसे मागणे, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तेच चित्र पुन्हा काढणे, हे काही महिने करून पाहायला सांगेन, आणि तेही त्याला झेपत असेल तर त्याने खुशाल चित्रकलेचाच व्यवसाय करावा.