पाकोळीचं घरटं पाडण्याआधी

कबुतरखान्यांचा वाद पेटल्यापासून मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: जिन्यातली, छज्जाखालची पाकोळ्यांची घरटी पावसाळ्याआधी पाडा, हे परदेशी पक्षी बर्ड फ्लू आणतात, कबुतरांसारखेच फुप्फुसाला घातक असतात, त्यांच्या मातीने प्लास्टर सुटतं, आणि घरटं पाडलं तरी ते दुसरीकडे बांधतातच. मला तो तिघांनी पाठवला. तिघंही भली माणसं आहेत, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी ‘परदेशी’. दूरदेशाहून येते ती भिंगरी. साधारण सप्टेंबरात येते, एप्रिलपर्यंत राहते, वसई-उरणकडे विजेच्या तारांवर रांगेने बसलेली दिसते. मुंबईत ती घरटं बांधतच नाही. तिची वीण हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला होते. तिथे मात्र ती माणसाच्या वळचणीलाच मातीची वाटी चिकटवते. जपानात तिचं येणं शुभ मानतात. विष्ठा खाली पडू नये म्हणून घरट्याखाली फळी ठोकतात, पण घरट्याला हात लावत नाहीत. आपल्या जिन्यात पिल्लं वाढवते ती छोटी पाकोळी. काळपट अंग, कमरेवर पांढरा पट्टा, कोयत्यासारखे पंख. ती बाराही महिने इथलीच. निरोप लिहिणाऱ्याने दोन पक्षी एकात कालवलेत.

मातीचा आरोपही त्यातूनच आला. पाकोळीच्या पायाची ठेवण अशी, की तिला फांदीवर बसता येत नाही की जमिनीवर धड चालता येत नाही. फक्त उभ्या भिंतीला लटकता येतं. ती चिखल कुठून आणणार? हवेत तरंगणारी पिसं, गवताच्या काड्या ती उडता उडता चोचीत धरते आणि स्वतःच्या लाळेने छताला चिकटवते. असं एकेक पीस जमवून घर उभं राहतं. मला तरी या शहरातलं हे सगळ्यात कष्टाचं बांधकाम वाटतं. आपल्याकडे मातीची घरटी करणाऱ्या दुसऱ्या जातींच्या भिंगऱ्याही आहेत, पण त्यांचा चिखल भिंतीला वरवर चिकटतो. प्लास्टर सुटतं ते गळतीने आणि गंजून फुगलेल्या सळ्यांनी.

बर्ड फ्लू मुख्यतः पाणपक्ष्यांत आणि कोंबड्यांत आढळतो. २००६ साली भारतात तो पहिल्यांदा सापडला तोही नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांवर.

कबुतरांच्या बाबतीत डॉक्टर सांगतात ते खरं आहे: वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसाला कायमची इजा होते. पण कबुतरांचे थवे आपण दाणे टाकून पोसलेत. पाकोळीला कुणी दाणा टाकत नाही. ती दिवसभर आभाळात असते आणि उडते किडेच खाते. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उठते, तेव्हा तिची लगबग बघावी. (ती डेंग्यू संपवते, असं मात्र मी म्हणणार नाही. तसे निरोपही येतात, तेही पुढे ढकलू नका.) घरट्याखाली घाण पडते, हे मान्य. हातभर खाली फळी लावा, नाहीतर वर्तमानपत्र अंथरा. झाडण्याआधी पाणी शिंपडा आणि नाकाला फडकं बांधा.

शेवटचा मुद्दा माझ्या जिव्हारी लागलेला आहे. ‘दुसरीकडे बांधतात.’ आमच्या इमारतीला एका मे महिन्यात रंग काढला. परांचीवरच्या मुलाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने पत्र्याने खरवडलं आणि पिसाचा गोळा जिन्यात पडला. आत तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. संध्याकाळी जोडी परत आली आणि अंधार पडेपर्यंत त्या मोकळ्या कोपऱ्याशी येऊन फिरत राहिली. घरटं दुसरं होईलही, पण ती तीन पिल्लं गेली ती गेलीच. कायदाही इथे गप्प नाही: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणंही येतं.

वीण साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर चालते, म्हणजे पावसाळ्याआधीचे दिवस सगळ्यात वाईट. रंगकाम दिवाळीनंतर काढा. तेव्हाही घरट्यांचा कोपरा तसाच ठेवा, कारण पाकोळ्या रात्री तिथेच मुक्कामाला येतात. आमच्या कमिटीने यंदा ठेकेदाराच्या कामाच्या यादीतच तसं लिहून घेतलंय: दुसरा मजला, जिन्याचं छत, डावा कोपरा, हात लावू नये.