काका, इथे तर साचा काढायचे

गेल्या आठवड्यात आमच्या गाण्याच्या बाई पुण्यात वारल्या. एका शिष्याने त्यांचा शेवटचा फोटो ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस नुसती भांडाभांडी. "नाकातला कापूस काय दाखवता?" वगैरे. तेही ठीक. पण मग एका काकांनी लिहिलं, "परदेशात असला प्रकार कोणी करत नाही," आणि बावीस वर्षं व्हिएन्नात असलेल्या मला टॅग केलं. साक्षीदार म्हणून!

काका, इथे तर मेलेल्याच्या चेहऱ्याचा साचा काढायचे. २६ मार्च १८२७ ला संगीतकार बीथोव्हन गेला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं, बहिरेपणाचं मूळ शोधायला कानामागची हाडं कापून घेतली, आणि २८ ला योझेफ दानहाउझर नावाच्या तरुण चित्रकाराने त्या चेहऱ्यावर प्लॅस्टर ओतलं. गाल आत गेलेले, तोंड खचलेलं. बघवत नाही. लोकांच्या भिंतीवर असतो तो रुबाबदार, आठ्या घातलेला बीथोव्हन वेगळा. तो साचा १८१२ साली फ्रान्झ क्लाइनने जिवंतपणी घेतला. मिटलेले डोळे बघून लोक त्यालाच मेलेला समजतात. आठ्या बहुधा प्लॅस्टरखाली जीव घुसमटल्याच्या.

हायडन हाही संगीतकार, त्याचा साचा त्याच्या नकलनवीसाने काढला. पुढे पुरलेल्या हायडनची कवटीच चोरीला गेली, ती धडाजवळ परत आली १९५४ साली. हा तुमचा सभ्य युरोप. संगीतकार माहलरचा चेहरा १९११ मध्ये त्याच्या बायकोच्या सावत्र बापाने उतरवला, म्हणजे घरातल्याच माणसाने.

७१ नंबरच्या ट्राममध्ये बसून हे सगळं मी ग्रुपवर टाइप केलं, जरा जास्तच तोऱ्यात. काकांनी नमस्काराचे हात पाठवले. म्हणजे गप्प बस.

पण गप्प बसवेना, कारण राग काकांचा नव्हताच. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आई गेली तेव्हा मला तिकडे जाता आलं नाही. भावाने व्हिडिओ कॉल लावला. त्यात पंखा दिसला, मावशीचं कोपर दिसलं, मग चित्र अडकलं. "फोटो काढून ठेवू का रे?" त्याने विचारलं. मीच म्हणालो, "नको, बरं दिसत नाही."

काल बाईंचा तो फोटो पुन्हा उघडला. हनुवटीला पट्टी बांधलेली, कुंकू थोडं फिसकटलेलं. ॲडमिनने तो काढून टाकायच्या आत सेव्ह केला.