टीव्हीला हळद लागली

माणूस बारमधून घरी काय काय घेऊन येतो, याचा आमच्या सांगलीच्या गावभागातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्यात भर घातली ती मी. २००७ च्या मार्च महिन्यात मी बारमधून टीव्ही घेऊन आलो.

झालं असं की, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ मिरज रोडवरच्या एका बारमध्ये होता. तिथं कोपऱ्यात हा बसला होता. 'ठेवला होता' असं म्हणवत नाही; एखाद्या कपाटानं मांडी घालून बसावं तसा तो बसला होता. मालक म्हणाला, "वर्ल्डकपसाठी भिंतीवरचा चपटा घेतलाय. हा घेऊन जावा साहेब. एक्कावन्न इंच, वाईडस्क्रीन, रिअर प्रोजेक्शन. मी लाखाच्या वर मोजलेत, तुम्ही वीस द्या." समोर कुठलीतरी जुनी मॅच चालू होती आणि फलंदाजाचं डोकं माझ्या डोक्याएवढं दिसत होतं. बारमध्ये चोवीस तास अंधार असतो आणि माझ्या घराला खिडक्या आहेत, हा फरक वीस हजार मोजून झाल्यावर ध्यानात आला. त्या रात्री मी एकच पेग घेतला होता, हे बायकोला आजतागायत पटलेलं नाही.

वजन शंभर किलोच्या आसपास. टेम्पोवाल्यानं मार्केट यार्डातून चार हमाल उचलून आणले. दिवसभर हळदीची पोती वाहिलेली माणसं ती, कोपरापर्यंत पिवळीधमक. त्यांनी टीव्ही उतरवला तेव्हा काळ्या कॅबिनेटवर चारी बाजूंनी हळदीचे पंजे उमटलेले. दारातून बायको म्हणाली, "अवो, ह्याला हळदसुद्धा लागली की! मुहूर्त कधीचा काढलाय?" आईनं तेवढ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. कुणावरून ओवाळतोय, हे चष्मा नसल्यामुळं तिला नीट दिसलं नव्हतं.

माप ओलांडायची वेळ आली आणि नवरी दारात अडकली. ह्या टीव्हीची खोलीच दोन फुटांच्या वर, आणि आमचं दार आजोबांच्या काळातलं. त्या काळी माणसं वाकून आत यायची, टीव्ही येणार हे गृहीत नव्हतं. आडवा केला, तिरका केला. शेवटी थोरला हमाल घाम पुसत म्हणाला, "सायेब, दार मोठं करा न्हाईतर टीव्ही बारका करा." मग वेल्डरला बोलावून खिडकीचे गज कापले आणि नवरी खिडकीतून घरात आली. समोरच्या काकू कठड्याला टेकून बघत होत्या. त्यांनी हाक मारून विचारलं, "पळवून आणलीय काय हो?"

आता हे धूड आतून काय असतं, ते सांगतो. बाहेरून एवढा पसारा, पण पाठीमागचं झाकण काढलं की बहुतेक पोकळी. तळाशी तीन छोट्या पिक्चर ट्यूब, प्रत्येकी सातेक इंचांची. एक फक्त लाल चित्र काढते, एक फक्त हिरवं, एक फक्त निळं. प्रत्येकीच्या डोक्यावर भिंग. तिन्हींचा प्रकाश मागच्या तिरक्या आरशावर जातो आणि आरशावरून उलटून पडद्याच्या पाठीवर पडतो. म्हणजे एक्कावन्न इंचांचा टीव्ही म्हणून आपण जो छातीठोकपणे दाखवतो, तो खरं तर सात इंचांचे तीन टीव्ही आणि एक आरसा.

तीन चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसली तर एक चित्र दिसतं. न बसली तर आमचं घर. तीन भाऊ एका वाड्यात राहतात, पण जेवायला एका वेळी कधी बसत नाहीत, तशी ह्या ट्यूबांची तऱ्हा. वृत्तनिवेदिकेचे ओठ लाल, त्याच्या खाली अर्ध्या बोटावर हिरवे, बाजूला निळे. अण्णा म्हणाले, "एक बाई बोलतीय का तीन?" ह्याला उपाय असतो, त्याला कन्व्हर्जन्स म्हणतात. रिमोटनं एक मेनू उघडायचा, पडद्यावर रेघांची जाळी येते आणि मधोमध फुल्या येतात. लाल आणि निळी फुली बटणांनी सरकवत हिरव्या फुलीवर आणून बसवायची. मध्यावर जमलं की कोपऱ्यात बिघडतं, कोपरा जमवला की मध्य रुसतो. आणि हे सगळं टीव्ही चालू करून अर्धा तास तापू दिल्यावर करायचं, कारण थंड ट्यूबांची जागा आणि गरम ट्यूबांची जागा वेगळी. सांगली नाट्यपंढरी आहे, तिसऱ्या घंटेनंतरही पडदा उघडायला वेळ लागतो हे आम्हाला मुकाट मान्य असतं. पण आमच्या घरी सात वाजताची मालिका बघायची तर साडेसहाला टीव्ही तापत ठेवायचा, आणि मी फुल्या जुळवत असताना आई माळ ओढत विचारायची, "संपल्या का रे फुल्या?"

बरं, एकदा जुळवलं की जुळलं, असंही नाही. टीव्ही जरा हलवला, त्याचं तोंड फिरवलं, की पृथ्वीच्या चुंबकत्वामुळंसुद्धा किरण थोडे सरकतात आणि फुल्यांना पुन्हा पाय फुटतात. बायकोला टीव्हीच्या खालची चाकं फार आवडली होती. आमच्या घरातली चाकं असलेली ती एकमेव जड वस्तू. दर शनिवारी ती त्याला हातभर पुढं ढकलून मागचा केर काढायची, आणि दर शनिवारी माझी संध्याकाळ पुन्हा लाल-हिरवी-निळी व्हायची. भांडण कुणाशी करायचं? केर काढू नको म्हणावं तर मी घाणेरडा, पृथ्वीला सांगावं तर ती ऐकत नाही.

वर्ल्डकपचं राहिलंच. सामने वेस्ट इंडिजमध्ये, आपल्याकडं संध्याकाळी सातला सुरू. १७ मार्चला पहिला सामना बांगलादेशशी. पंधरा-वीस माणसं आमच्या सोप्यात. भडंग, चहा, शेजारची पोरं, पोरांची मामा मंडळी. हरलो. १९ तारखेला बर्म्युडाविरुद्ध ४१३ धावा काढल्या आणि नेमकी आमची लाईट गेली. ती आली तेव्हा टीव्ही थंड झालेला, म्हणजे परत अर्धा तास तापवा, परत फुल्या. २३ तारखेला श्रीलंकेनंही हरवलं आणि भारताचा मुक्काम आटोपल्यात जमा झाला. खिडकीचे गज अजून बसवायचे होते, तोवर ज्यासाठी टीव्ही आणला ते कार्य संपलेलं होतं.

मग हळूहळू त्याचं माहेर उघडं पडायला लागलं. बारमध्ये चार वर्षं एकच बातम्यांचं चॅनल सकाळपासून रात्रीपर्यंत लावलेलं असायचं. ट्यूबच्या आत फॉस्फर नावाच्या चमकणाऱ्या रसायनाचा जो थर असतो, तो सतत एकाच जागी उजळत राहिला की तिथं जास्त झिजतो. त्यामुळं त्या चॅनलचं बोधचिन्ह वरच्या कोपऱ्यात आणि ताज्या बातमीची पट्टी खालच्या अंगाला कायमची उमटली होती. अंधाऱ्या दृश्यात दिसायची नाही. आभाळ, बर्फ, पांढरी साडी आली की हजर. आमच्या लग्नाची सीडी लावली. अक्षता पडतायत, बायकोची मान खाली, आणि तळाशी अंधूक पट्टी: ताजी बातमी. अण्णा म्हणाले, "बरोबरच आहे. ती ताजीच होती त्या वेळी."

तापला की वास यायचा, हे दुसरं. सिगारेटी आणि तंदुरीचा मिळून एक गरम, ओळखीचा वास. "आलं तुमचं ऑफिस," बायको म्हणायची. आईनं एकादशीला टीव्ही लावायचा नाही असा नियमच केला. मी ठरवलं, आतला आरसा पुसून टाकू. चार वर्षांचा धूर त्याच्यावरच बसला असणार. ओला कागद आणि वर्तमानपत्र, जसा घरचा आरसा पुसतो तसा. ही चूक मात्र माझी, ती कुणावर ढकलत नाही. घरच्या आरशाला मुलामा काचेच्या मागं असतो, पुढून कितीही घासा. ह्याला तो काचेच्या पुढच्या अंगालाच असतो, कारण मागं असला तर काचेत दोनदा परावर्तन होऊन चित्राला सावली पडते. एक हात फिरवला आणि आरशावर ओरखड्यांचं अर्धवर्तुळ. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक नायिकेच्या गालावर कुणीतरी झाडू मारून गेल्यासारखं दिसायचं.

आणि जाडी! केबलवरचं सगळं चौकोनी पडद्याचं, चारास तीन. आमचा पडदा सोळास नऊ. चित्र जसंच्या तसं दाखवावं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, आणि ते फार वेळ ठेवले तर त्यांच्याही कडा उमटायची भीती. आधीच एक चॅनल गोंदवून घेतलेल्या टीव्हीला आणखी दोन पट्टे कुठं गोंदवता? म्हणून चित्र ताणायचं. ताणलं की प्रत्येक माणूस बरोबर एक तृतीयांशानं रुंद. गणितात मी कच्चा, पण हे मी कागदावर मांडून बघितलंय. चेंडू अंडाकृती, सायकलची चाकं लिंबासारखी दबलेली, आणि मालिकेतली उपाशी सून तीन घास जास्त जेवल्यासारखी. आई वर्षभर समजत होती की हल्ली टीव्हीवाले खात्यापित्या घरच्या मुली घेतात. हौसेनं वाईडस्क्रीनची डीव्हीडी आणावी, तर बऱ्याच सिनेमांची चौकट सोळास नऊपेक्षाही रुंद असते, त्यामुळं तिथं वर-खाली काळे पट्टे. म्हणजे कपडा कुठलाही शिवा, आमच्या अंगाला तो होतच नव्हता. केबलवर पूर्वी ज्या मुंग्या दिसायच्या, त्या एक्कावन्न इंचांत मुंगळे झाल्या, ते वेगळंच.

बसण्याचाही कायदा होता. ह्या पडद्यावरच्या बारीक उभ्या रेघा प्रकाश डावी-उजवीकडं पसरवतात, वर-खाली फारसा पसरवत नाहीत. सोफ्यावर बसलं की चित्र लख्ख, उभं राहिलं की सांज झाली, जमिनीवर लोळलं की रात्र. अण्णांची जागा झोपाळ्यावर. झोका पुढं आला की उजाडायचं, मागं वर गेला की मावळायचं. दोन आठवडे त्यांनी तक्रार केली नाही. नंतर कळलं की मोतीबिंदूसाठी डॉक्टरची वेळ घेऊन आले होते.

होम थिएटरचं एका परिच्छेदात उरकतो, कारण ते ऐकायला कुणी थांबलंच नाही. पाच स्पीकर आणि एक मोठा धमधम करणारा डबा, त्याला फाईव्ह पॉइंट वन म्हणतात. समोरच्या काकांनी स्पीकर मोजले आणि विचारलं, "पाच दिसतायत. तो एक दशांश कुठाय?" डबा दाखवला. ते म्हणाले, "सगळ्यात थोरला तो, आणि त्यालाच दशांश?" मागचे दोन स्पीकर आईनं देवघराच्या वर लावू दिले नाहीत, ते स्वयंपाकघराच्या दारावर बसवले. त्यामुळं युद्धपट लावला की तोफा पुढं आणि घोडे पोळपाटाजवळ.

२०११ मध्ये तो बसला. मेकॅनिकनं पाठ उघडली आणि डॉक्टर जसं नातेवाईकांना बाजूला घेतात तसं मला ओसरीवर घेतलं. "एसटीके गेलाय." म्हणजे फुल्या सरकवणारा आयसी. एकदा बदलला, सहा महिन्यांनी परत गेला. तिसऱ्यांदा मेकॅनिकनं फोन उचलणं सोडलं. २०१२ च्या अखेरीस मित्सुबिशी ह्या शेवटच्या बड्या कंपनीनंही रिअर प्रोजेक्शन टीव्ही बनवणं बंद केल्याची बातमी मी वाचली. ती वाचली भिंतीवरच्या नव्या चपट्या टीव्हीखाली बसून, समोर जुना उभा. नवा टीव्ही वजनाला एवढा हलका की दुकानदाराच्या पोरानं स्कूटीवरून आणला.

जुना काढायचा तर परत गज कापायचे. भंगारवाला येऊन बघून गेला आणि न्यायचे पैसे त्यानंच माझ्याकडं मागितले. म्हणून तो राहिला. त्याच्यावर आईनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, मग गौरी-गणपतीची आरास त्याच्यावरच मांडली जाऊ लागली. एवढी भक्कम जागा घरात दुसरी नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा धोक्याच्या ४५ फुटांवरून चढत ५७ फुटांवर गेली. आम्ही गाद्या, धान्य, देव, कागदपत्रं, अण्णांचा झोपाळा, सगळं माळ्यावर नेलं आणि मंडळींना घेऊन विश्रामबागेत पाहुण्यांकडं गेलो. त्याला उचलायचा विषयच कुणी काढला नाही. दार ओढून घेताना आई पाण्याकडं हात जोडून हळूच काहीतरी पुटपुटली. बायकोला विचारलं तर म्हणाली, "कृष्णामाईला सांगतायत, तेवढा घेऊन जा म्हणून."

पाणी उतरल्यावर दार उघडलं. फ्रीज उताणा पडून स्वयंपाकघरात पोचलेला, दिवाण तरंगून आडवा झालेला. हा जागच्या जागी. आत गुडघाभर गाळ भरून उलट आणखी जड झालेला.

शेवटी माझ्या चिरंजीवानं पाना-पक्कड घेऊन त्याचे तुकडे केले. लाकूड, तारा, ट्यूबा, ओरखड्यांचा आरसा, सगळं एकेक करून दारातून गेलं. हा मार्ग इतक्या वर्षांत मला सुचला नव्हता. पडद्यामागची पारदर्शक चकत्या-चकत्यांची शीट मात्र त्यानं धुऊन ठेवली. फ्रेनेल लेन्स म्हणतात तिला; एक्कावन्न इंचांचं चपटं भिंग. "प्रोजेक्ट करणाराय," म्हणाला.

पुढच्या मार्चअखेरीस लॉकडाऊन लागलं. सगळे घरात, करायला काही नाही. त्यानं ती शीट गच्चीवर नेली आणि दुपारी बाराच्या उन्हात तिरकी करून कठड्याला टेकवली. मी खाली वामकुक्षीत होतो. वरून आधी तळणीचा वास आला आणि मागोमाग आईची हाक.

आईच्या कुरडयांच्या प्लॅस्टिकला थाळीएवढं भोक पडलं होतं. कडेच्या दोन कुरडया मात्र छान फुलल्या होत्या. आईनं एक मोडून तोंडात टाकली, थोडा वेळ चावली आणि म्हणाली, "ह्यालापण तंदुरीचाच वास येतोय रे."